पुण्याकडचा निवृत्ती

रोहिणखेडच्या रहेमतुल्ला रंगाऱ्याचा सईद नागपूरच्या एका मोठ्या कॉलेजात शिकायला गेला, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिथल्या झाडून सगळ्यांचा त्याला वीट आला. शेकडो पोरं, पण नाव विचारणारं एक नाही. वसतिगृहातली मुसलमान पोरं चहाच्या घोटागणिक 'जनाब' म्हणायची आणि याच्या उर्दूला हसायची. मराठी पोरं त्याच्या 'मले-तुले'ची नक्कल करायची आणि मग टेनिसच्या गप्पा मारायची. रॅकेट एकाकडेही नव्हती. प्राध्यापक वहीत नाक खुपसून वाचत आणि घंटा झाली की वर्गाकडे न बघता निघून जात. यांच्यापेक्षा आमच्या बाजारातले बैल बरे, निदान माणूस ओळखतात, असं मनाशी म्हणत सईद शेवटच्या बाकावर बसे.

सगळ्यांत जास्त तिटकारा त्याला निवृत्तीचा. हा मोताळ्याच्या शेतकऱ्याचा पोरगा. मोताळ्याच्या बाजारात त्याला बापामागं चालताना सईदनं कितीदा पाहिलं होतं. पहिल्याच आठवड्यात सईद हरखून त्याच्याकडे गेला, तर "मी पुण्याकडचा," म्हणून निवृत्तीनं पाठ फिरवली.

सुट्टीला दोघंही एकाच गाडीनं आले आणि मलकापूरला उतरले. निवृत्तीचे वडील अर्जुनराव बैलगाडी घेऊन आले होते. रहेमतुल्लाचा पोरगा त्यांनी लगेच ओळखला आणि आग्रहानं गाडीत घेतला. निवृत्ती खाली रुमाल अंथरून बसला. अर्जुनराव वाटभर जेवणाचं, डासांचं, अभ्यासाचं विचारत राहिले. निवृत्ती पुस्तकी मराठीत दोन शब्दांत उत्तरं देई. शेवटी म्हातारा सईदकडे वळला.

"हा असा काऊन बोलून राह्यला बे? आमच्यावर रागावला काय?"

खरं सांगायची सईदला फार इच्छा झाली. पण म्हाताऱ्याचं तोंड उतरलं होतं.

"नाई काका. तिकडं असंच बोला लागते."

अर्जुनरावांना हायसं वाटलं. "तुम्ही दोघं तिथं एकमेकाले धरून राह्यता, म्हून मले घोर नाई," ते म्हणाले. निवृत्ती बैलांच्या शेपट्यांकडे बघत बसला.

रोहिणखेडच्या फाट्यावर सईद उतरला. त्याची ट्रंक उचलून निवृत्ती चार पावलं बरोबर आला. आता तरी हा दोन शब्द माणसासारखे बोलेल, असं सईदला वाटलं.

"तिथं कोणाले सांगू नको," निवृत्ती हळूच म्हणाला.

"कोणाले सांगू? माह्यासंगं तिथं बोलते कोण?"

सईदनं ट्रंक डोक्यावर घेतली आणि तो चालू लागला.

सुट्टीनंतर व्हरांड्यात रोज गाठ पडे. निवृत्ती मान खाली घालून निघून जाई आणि सईद मनातल्या मनात त्याच्यावर थुंके. माघ महिन्यात निवृत्ती तापानं आठवडाभर दिसला नाही. तेव्हा सईदच्या ध्यानात आलं, की रोज सकाळी त्या एवढ्या गर्दीत आपण शोधतो ते एकच तोंड.