पातेल्याची चाखणदार

शाळेच्या स्वयंपाकघरातलं पातेलं म्हणे एका राणीने आपल्या हत्तीला आंघोळ घालायला घडवून घेतलं होतं. पुढे हत्ती वाढला, पातेलं काही वाढलं नाही, म्हणून राणीने ते शाळेला देऊन टाकलं. हे सगळं पळीमावशी सांगायची. कुणी फिदीफिदी हसलं तर पातेल्याच्या कडेचा पोचा दाखवायची. "हा बघ, इथे सोंड आपटली. आता हस."

तीस वर्षं ती त्या पातेल्यापाशी उभी होती. हातात कायम पळी, म्हणून पळीमावशी. खरं नाव पगारपत्रकावर उरलं होतं तेवढंच.

जेवणाचा नियम सरळ होता. ज्याच्याकडे हिरवं कार्ड, त्याला ताट फुकट. ज्याच्याकडे नाही, त्याने घरून डबा आणायचा. कार्ड कुणाला द्यायचं, ते घरातल्या कमाईवर ठरायचं. कमाईची एक रेघ होती, तिच्या खालचे आत आणि वरचे बाहेर, मग वर बोटभर असोत की हातभर.

मावशी पाठ करून उभी असली तरी तिला डबे कळायचे. भरलेला डबा बाकावर 'धप्' बसतो. रिकामा 'टण्' वाजतो.

तीन वर्षांपूर्वी दुसरीतल्या एका मुलीचा डबा टण् वाजला. दुसऱ्या दिवशीही वाजला. मावशीने वळून पाहिलं. पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली होती, झाकण अर्धं उघडून हवा चावत होती. इतकी मन लावून चावत होती की शेजारणीला वाटावं, आज हिला अंडं दिलंय. आदल्या वर्षी तिच्याकडे हिरवं कार्ड होतं. मग तिची आई कपडे धुण्याच्या कारखान्यात मुकादम झाली. पगार वाढला बोटभर आणि कार्ड गेलं. आई पहाटेच कामावर जायची. घरात असेल ते डब्यात भरून पोरगी शाळेत यायची. महिना सरत आला की रिकाम्या डब्यावर नुसतं झाकण लावून आणायची.

बोलावून ताट दिलं असतं तर पोरीने घेतलं नसतं. मावशीला अशी पोरं पाठ होती. तिने पळी उगारली.

"ए, तू! इकडे ये. जीभ काढ."

पोरगी घाबरली. तिने जीभ काढली. मावशीने ती डॉक्टरासारखी इकडून तिकडून पाहिली.

"हीच! वर्षभर शोधतेय. हे पातेलं भारी नखरेल आहे बघ. रोज कुणी चाखलं नाही तर रुसतं आणि तळाला करपतं. आधीची चाखणदार शाळा सोडून गेली. जागा रिकामी आहे."

"चमचाभर चाखायचं?"

"चमचाभर? एवढ्या पातेल्याची चव चमच्यात मावते होय गं? अख्खं ताट लागतं."

पोरगी चाखणदार झाली. रोज सगळ्यांच्या आधी मागच्या दाराने यायची, स्टुलावर ताठ बसायची, ताट रिकामं करून निकाल द्यायची. "मीठ कमी." "बटाटा अजून शिजू दे." एखाद्या न्यायाधीशाला लाजवेल असं तोंड करायची.

ताट यायचं कुठून? मावशी प्रत्येक कार्डवाल्याला वाढताना पळी भरायची आणि किंचित हलवायची. चार दाणे परत पातेल्यात. एका उपाशी पोरीसाठी दीडशे गरीब पोरांचा चिमूट चिमूट घास. हे मावशी कुणाशी बोलली नव्हती. 

मग या वर्षी बातमी आली. मोठ्या बाई स्वतः स्वयंपाकघरात आल्या.

"मावशी, रेघ वर सरकवली. थोडं जास्त कमावणाऱ्यांच्या पोरांनाही आता फुकट जेवण. घरोघर अर्ज दिलेत, शुक्रवारी शेवटचा दिवस." मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "आणि सोमवारपासून इथली चूल बंद. सगळ्या शाळांचं जेवण एका मोठ्या स्वयंपाकघरातून येणार. बंद डबे, प्रत्येकावर नाव. तुम्ही फक्त वाटायचे."

मावशीला अर्धा आनंद झाला. अर्धा पातेल्यापाशीच अडला. हात पुसत तिने बाईंच्या हातातला, घरोघरून परत आलेल्या अर्जांचा गठ्ठा चाळला. चाखणदार पोरीचा अर्ज होता, पण कोरा. खाली आईचं अक्षर होतं, 'गरज नाही. मुलगी स्वयंपाकघरात काम करून जेवते.'

 थाप इतकी बेमालूम लागली होती की आता तीच पोरीच्या ताटावर झाकण बनून बसली होती. सोमवारी ना पातेलं, ना पळी. यादीत नाव नाही, तर डबा नाही. पोरगी पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार.

तो गुरुवार होता. शाळा सुटल्यावर मावशी कोरा अर्ज पदराआड घेऊन कारखान्यात गेली.

आत वाफच वाफ होती. दवाखान्यांच्या चादरी डोंगरासारख्या रचलेल्या होत्या. मुलीची आई एका टोकाला उभी होती, बाह्या कोपरापर्यंत वर, हात पाण्याने पांढरे पडलेले.

"मावशी, तुम्ही? पोरीने काही केलं का?"

"पोरीने नाही गं. मी केलंय."

"मग हे टोक धरा. रिकाम्या हाताने बोलत उभं राहिलेलं साहेबाला चालत नाही. वरून काचेतून बघत असतो."

चादर घडी करायला दोन माणसं लागतात. लांब व्हायचं, ताणायचं, मग समोरासमोर येऊन टोकं जुळवायची. मावशी लांब असताना गप्प राहायची, जवळ आली की एक वाक्य बोलायची. रिकामा डबा, एका घडीत. चाखणदाराची जागा, दुसऱ्या घडीत. हलवलेली पळी, तिसऱ्या.

चौथ्यांदा आई जवळ आलीच नाही. चादर ताणून तशीच उभी राहिली.

"मी शेजारणींना सांगितलं," ती म्हणाली. "माझ्या आईला सांगितलं. पोरीची जीभ अशी आहे की शाळेने तिला निवडलं. तीन वर्षं मान वर करून फिरले मी."

"हो बाई."

"आणि तुम्ही तिला भीक घालत होतात."

  मावशी आपलं टोक धरून म्हणाली, "मोठ्या बाईंकडे जाऊन भांडायला हवं होतं मी. तुला गाठून विचारायला हवं होतं. पण थापा मारणं मला सोपं जातं गं. भांडणं अवघड."

आईने आपल्या हातातलं चादरीचं टोक सैल सोडलं नाही.

"या अर्जात भीक नाही बघ," मावशी म्हणाली. "तू आहेस तिथेच आहेस, तेवढंच राबतेस. रेघ चुकीच्या जागी मारली होती, ती आता सरकली. तुझ्या पोरीचं ताट आहे ते. सोमवारपासून शाळेतली चूल बंद, मी काय हलवू? हातात पळीच नसेल."

आई शेवटी जवळ आली. टोकं जुळवली. चादर ठेवून तिने अर्ज घेतला, ओल्या बोटांनी सही केली. कागदावर डाग पडला.

"पोरीला तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "माझ्याने नाही होणार."

शुक्रवारी पोरगी नेहमीसारखी स्टुलावर येऊन बसली. मावशीने ताट पुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. पोरगी ऐकत राहिली.

"म्हणजे हत्तीही खोटा?"

"हत्तीचं... बघू."

"आणि माझी जीभ?"

मावशी तिच्यासमोर खाली बसली. गुडघे कुरकुरले. "गेल्या थंडीत वाटाण्याला वास येतोय म्हणालीस, आठवतं? मी चाखून बरे आहेत म्हटलं होतं. तू थुंकलीस. मग मी परत हुंगलं आणि अख्खं पातेलं ओतून दिलं. नाहीतर सगळी पोरं आडवी झाली असती. जागा मी बनवली, पोरी. जीभ तुझीच."

पोरगी उठली. ताट तसंच ठेवून बाहेर गेली. मावशीने ते कुणाला वाढलं नाही, झाकून ठेवलं.

सोमवारी डबे आले. पळी खुंटीला टांगलेली होती. मावशीने पोरीच्या नावाचा डबा तिच्या हातात दिला. पोरीने वर पाहिलं नाही. ती बाकाकडे गेली आणि मावशीने पाठ फिरवली.

धप्.

जेवण संपल्यावर पोरगी रिकामा डबा परत करायला खिडकीशी आली. तिचं तोंड न्यायाधीशासारखं झालं होतं, नाकाचा शेंडा तेवढा लाल.

"मीठ कमी आहे."

"कुणाला सांगू? पातेलं बंद पडलंय."

"जिथून आलंय तिथे सांगा. तिथे चाखणदार नसणार."

परत जाणाऱ्या डब्यांबरोबर एक चिठ्ठी जायची. किती आले, किती उरले. मावशीने कानामागची पेन्सिल काढली आणि खाली लिहिलं, 'मीठ कमी.' मग चिठ्ठी पोरीपुढे सरकवली. पोरीने त्याखाली आपलं पूर्ण नाव घातलं, सावकाश, गोल अक्षरात.

हत्तीचं तिने पुन्हा विचारलं नाही. मावशीनेही काढलं नाही.