ठकीची नजर

गौराबाईनं मैनाच्या अंगावरचं दूध पिळून केळीच्या पानावर घेतलं आणि पान दारात उन्हात ठेवलं. मुंग्या आल्या. त्या घरात सांडलेल्या ताकालाही मुंग्या लागत, पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"बघ," ती लेकीला म्हणाली. "हे पाजायचं बाळाला?"

मैना पहिल्या बाळंतपणासाठी साजगावहून कर्जतजवळच्या कोंडाण्याला माहेरी आली होती. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिच्या लघवीत साखर आहे म्हणून सांगितलं होतं. गौराबाईला ही साखर चांगलीच ठाऊक होती. तिच्या स्वतःच्या पायाची जखम वर्षभर भरत नव्हती. आपला भोग लेकीपर्यंत आला तो आला, नातवापर्यंत पोचू द्यायचा नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून मध नाही, गुळाचं पाणी नाही, आईचं दूध तर नाहीच. कालपासून बाळाच्या ओठांवर कापसाच्या बोळ्यानं नुसतं उकळलेलं पाणी पिळलं जात होतं.

"आये, भूक लागली आसंल गं त्याला."

"लागली तर रडंल ना? बघ, कसा गप निजलाय. अंगात ताकद हाय त्याच्या."

पोर खरंच दांडगं होतं. सुईण जिजानं त्याला दोन्ही हातांनी उचललं होतं. एरवी गौराबाईनं वाडीभर पेढे वाटले असते, पण ती दाराला कडी घालून बसली होती, धाकट्या जावेच्या भीतीनं. जाऊ म्हणजे ठकी. तिला मूलबाळ नव्हतं आणि ती त्याच घराच्या पलीकडच्या खोलीत राहायची. गौराबाईचा पहिला मुलगा असाच गुबगुबीत जन्मला, तेव्हा ठकीनं त्याला मांडीवर घेऊन म्हटलं होतं, "केवढं गं मोठं पोर!" दुसऱ्या दिवशी ते पोर निजलं ते उठलंच नाही. तेव्हापासून गावातल्या एकाही बाळंतिणीनं ठकीला दारात उभं केलं नव्हतं. पुढं मैनाला तिच्या सावलीपासूनसुद्धा जपलं, आणि मैना जगली. याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता?

दुपारी मैनानं बाळाचा हात उचलला, तर तो तसाच खाली पडला. ओठ निळे दिसत होते. मग अंग थरथरायला लागलं. जावई गजा ओळखीच्या टेंपोतून मुलाला बघायला आला होता, त्याच टेंपोत बसून सगळी बाळाला घेऊन कर्जतच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी आधी बाळाला साखरेचं पाणी शिरेतून सुरू केलं आणि मग विचारलं, "शेवटचं कधी पाजलं?"

"पाजलंच नाय," गौराबाई म्हणाली. "साखरेचं दूध हाय तिचं."

डॉक्टर तिच्याकडे वळले.

"अहो, तिच्या दुधात थोडाफार फरक असेल. दूध उतरायला वेळही लागतो. पण त्यानं बाळाला आजार होत नाही. पोटात त्याला आईची जादा साखर मिळत होती, त्याच्या शरीराला ती भराभर जिरवायची सवय झालेली. नाळ कापली आणि साखर एकदम बंद. असल्या मुलांना जन्मल्यापासून लवकर लवकर पाजावं लागतं."

"आनि नाय पाजलं तर?"

"गप्प होतात. निजलीत असं वाटतं."

"आंगानं मोठी आसली तरी?"

"साखरेच्या आजारामुळंच तर मोठी होतात." डॉक्टरांचं लक्ष तिच्या पायाच्या चिंधीकडे गेलं. "तुम्हालाही साखर आहे? कधीपासून?"

"काय म्हाईत." गौराबाई खिडकीचा गज धरून उभी होती. "पैल्या येळंला तहान लय लागायची. हांडाभर पानी प्यायची मी."

बाक शेजारी असून ती जमिनीवर बसली. तिसऱ्या दिवसाआधी पाजायचं नाही, या रीतीपायी तिनं आपल्या त्या पहिल्या पोरालाही अंगावर घेतलं नव्हतं. तेही असंच गप्प होतं आणि तिनं त्याचं कौतुक केलं होतं. इतकी वर्षं एका बाईला शिव्या देऊन तिनं ते दुःख पचवलं होतं. आता ते होतं तसं परत आलं, आणि शिव्या द्यायला कुणी उरलं नाही.

संध्याकाळी बाळ मैनाच्या अंगावर ओढून प्यायला लागलं. गौराबाईनं ते पाहिलं आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली.

बाळ बरं होऊन घरी आलं त्या दिवशी गौराबाई आपल्या दारातून आत न जाता सरळ पलीकडच्या दारात गेली. ठकी तांदूळ निवडत होती.

"ठके, बाळ बघायला ये."

ठकीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मग ते खाली ठेवून ती उठली, पदर सारखा केला आणि मागोमाग आली. उंबऱ्याशी मात्र थांबली. मैनानं दुपटं बाजूला केलं.

"आत ये ना, काकी."

"नको. हितूनच बघते."

ती मान वळवून कोपऱ्यातल्या मडक्यांच्या उतरंडीकडे बघत राहिली.

"ठके, बाळ हिकडं हाय गं," गौराबाई म्हणाली.

"बघितला, अक्का," उतरंडीवरची नजर न हलवता ठकी म्हणाली. "ब्येस हाय."