आबांचं खाकरणं

लढाई संपल्यावर आमचे आबा पलटणीतून पेन्शनीवर उंब्रजला परतले ते घशात कफ घेऊनच. दिवसभर खाकरत. कफ त्यांना सोडीना आणि तेही कफाला सोडीनात. पलटणीतल्या चहानंच घसा नासवला, असं त्यांचं ठाम मत. म्हणून घरात चहाला बंदी.

आईचा जीव मात्र दुपारच्या चहात. शेजारच्या तानुबाईंचा भाऊ सांगलीहून पुडी आणून देई. दोघी चुलीपुढं बसून गुळाचा चहा पीत, कान फाटकाकडं. बायामाणसांना सावरून बसता यावं म्हणून आमच्याकडं पुरुषमाणूस दारात खाकरतो. आबांना मुद्दाम खाकरावं लागत नसे. ते फाटकाशी आले, की कप एका घोटात रिकामा आणि किटली दुरडीखाली.

मी माहेरी आले तेव्हा त्यांना साताऱ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "खाकरणं हाच निम्मा रोग. त्यानं घसा सोलवटतो आणि आणखी कफ धरतो. खाकरावंसं वाटलं की घोटभर कोमट पाणी प्या. जेवल्याजेवल्या आडवं होऊ नका."

"चहाचं विचारू?" मी हळूच म्हटलं. आबांनी डोळे वटारले.

हुकूम तो हुकूम. आबांनी खाकरणं सोडलं, पाण्याचा तांब्या शेतावर नेऊ लागले.

आईनं मला माजघरात गाठलं. "घसा दुरुस्त करून आणलास का माझा पहारा मोडून आणलास? आता ह्ये मांजरागत घरात येणार!"

"वैनी, चुलीवर मिरच्या भाजू," तानुबाई म्हणाल्या. "फाटकातच ठसका लागंल. आपसूक कळंल."

मिरच्या भाजल्या. ठसका आम्हालाच लागला. खोकून खोकून डोळे पुसले, तर आबा समोर उभे. आईच्या हातात कप.

"काय हाय ते?"

"कोमट पाणी," आई म्हणाली. "डाक्टरनं सांगितलंय न्हवं."

आबांनी कप घेऊन एक घोट घेतला.

"पाणी गोड हाय."

"आवं, हिरीचं हाय," तानुबाई म्हणाल्या.

आबांनी कप आईच्या हातात परत दिला. "धूर लय हाय हितं. मला काय दिसंना," म्हणाले आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दुपारी फाटकाशी आबा खाकरले. एकदाच, खणखणीत. त्यात कफ नव्हता. मग बराच वेळ कडीशी खुडबुड करत राहिले. पुढं रोजच.

आबांना जाऊन आता महिना झाला. दुपारी आई चहा करते, कपात ओतते आणि निवू देते. तानुबाई समजावतात. आई म्हणते, "पिईन की. आता कसली घाई?"

आज तिनं चहा ओतल्यावर मी मागच्या दारानं निघून फाटकाशी गेले आणि छाती भरून खाकरले.

आत कप खणकला. दुरडी आपटली.

मी चुलीपाशी आले तेव्हा कप रिकामा होता. आई पदरानं तोंड पुसून म्हणाली,

"अवदसे, जीभ पोळली की गं माझी!"