संपर्कासाठी धनुबाई

अमृतची नोकरी गेली हे धनुबाईला अमृतने सांगितलं नाही. ते सांगितलं शहाद्याच्या एका मुलीने, जिचं तोंडही तिने कधी पाहिलेलं नव्हतं. आणि आता अमृत पुण्याहून बॅग घेऊन गावी, कोरीटला आला होता, सुट्टी आहे म्हणत होता, आणि धनुबाई त्याच्या ताटात दादर ज्वारीची भाकरी वाढत काहीच माहीत नसल्याचं सोंग करत होती. पन्नाशीला टेकलेला मुलगा. त्याला काम हवं होतं आणि ते कुणाकडे मागायला त्याची जीभ वळत नव्हती. सोंग करण्यात धनुबाई फार कच्ची, पण अमृत ताटातून वर बघतच नव्हता म्हणून निभावत होतं.

शहाद्याची मुलगी धनुबाईपर्यंत पोचली कशी, हे समजायला आधी पुस्तक समजायला हवं.

समाजाने काही वर्षांपूर्वी एक जाडजूड पुस्तक काढलं, ‘आपले मान्यवर’. डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक, कंपन्यांतले साहेब, सगळे त्यात. फोटो, शिक्षण, हुद्दा, मूळ गाव आणि खाली संपर्क क्रमांक. नंदुरबारला मोठ्या हॉलमध्ये प्रकाशन झालं. आपला माणूस आपल्या माणसाला सापडला पाहिजे, शिकलेल्या पोरांना कुणाकडे जावं ते कळलं पाहिजे, असं अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पुस्तक घरोघरी गेलं ते वेगळ्याच कारणाने. ज्यांचे फोटो होते त्यांनी ते फोटो बघायला घेतलं, ज्यांचे नव्हते त्यांनी दुसऱ्या कुणाकुणाचे आलेत ते बघायला. कोरीटमध्ये त्यावरून दोन घरांचं येणंजाणं काही महिने बंद होतं.

अमृतला त्यात अख्खं अर्धं पान मिळालं होतं. औषध कंपनीत उत्पादन विभागाचा महाव्यवस्थापक म्हटल्यावर मिळणारच. माहिती गोळा करायचं काम होतं सुकलाल मास्तरांकडे. ते रिटायर झाल्यापासून समाजाचं सगळं लिहिण्याचं काम त्यांच्याच गळ्यात होतं. ते धनुबाईच्या ओट्यावर बसून फॉर्म भरत गेले आणि संपर्क क्रमांकापाशी आले. धनुबाईने आपला नंबर सांगितला. मास्तर म्हणाले, अमृतचा हवा, पुण्याचा.

“मन्हाच लिखा मास्तर,” धनुबाई म्हणाली. “ज्याले काम ऱ्हाई तो आधी घर येई ना?”

मास्तरांना हे पटलं. कुणालाही पटलं असतं. आई हयात असताना, घर उघडं असताना, माणूस परस्पर पोराला कसा गाठेल? शिवाय अमृतला कामाच्या वेळी फोन केलेला खपत नाही, हा अनुभव धनुबाईच्या गाठीशी होता. तिने आपल्या परीने त्याची सोयच पाहिली. पुस्तक छापून आलं, आणि अमृतच्या रुबाबदार फोटोखाली कोरीटच्या एका म्हातारीचा नंबर कायमचा चिकटला.

मग फोन सुरू झाले.

पहिले काही फोन आले तेव्हा ती घाबरली. समोरचा ‘साहेब, साहेब’ करायचा आणि इकडून बाईचा आवाज आला की गप्प व्हायचा. मग तिला रीत सापडली. ती आधी गाव विचारायची, मग बापाचं नाव, मग मामाचं गाव. मामाचं गाव कळलं की माणूस तिच्या डोक्यात आपल्या जागी जाऊन बसायचा आणि मग तो कधी हलायचा नाही. काम काय ते शेवटी. ते ऐकून ती अमृतला फोन करायची आणि अमृत म्हणायचा, “बघतो.” दुसऱ्यांदा विचारलं की म्हणायचा, “बघतो म्हटलं ना.” तो पुण्याला राहून आईशीसुद्धा मराठीत बोलायला लागला होता, निदान ऑफिसातून तरी.

आता तिकडे एखादं पोरगं आशेवर बसलेलं, आणि इकडे हा बघतोय. धनुबाईला ते सोसेना. प्रकाशा गावच्या कुंदनचं असंच झालं. डिप्लोमा झालेला, घरी रिकामा, दर चार-आठ दिवसांनी फोन करून अगदी अदबीने विचारायचा, साहेब काही बोलले का. शेवटी तिला आठवलं, अंकलेश्वरहून मेळाव्याचं निमंत्रण द्यायला दगा पाटील नावाच्या एकाने फोन केला होता, त्याच्या कारखान्यात माणसं लागतात म्हणाला होता, आणि त्याच्या मामाचं गावही प्रकाशाच. तिने कुंदनला दगाचा नंबर दिला आणि दगाला दम दिला. कुंदन महिन्याभरात कामाला लागला. त्यानंतर तर ती अमृतला विचारायची थांबलीच. ह्याला त्याच्याशी जोडून दे, त्याला ह्याच्याशी. पुस्तकातले सगळे मान्यवर वर्षभरात जेवढे एकमेकांशी बोलले नसतील, तेवढे पुस्तकात नसलेले लोक धनुबाईमुळे बोलायला लागले. अमृतला यातलं फारसं ठाऊक नव्हतं. आपल्याला कुणाचा फोन कसा येत नाही, हेही त्याच्या कधी मनात आलं नसावं.

शहाद्याची ती मुलगी म्हणजे दीपमाला. एमएस्सी झालेली, पुण्यात काम शोधायला गेलेली. तिला धनुबाईने सांगितलं, बाई, तू फोनच्या नादी लागू नको, सरळ कंपनीत जा आणि माझं नाव सांग. मुलगी गेली. परत फोन आला तो चाचरत. आजी, तुमचे अमृत सर तिथे नाहीत. कंपनी दुसऱ्याने घेतली, वरचे बरेच लोक काढले, सर दिवाळीपासूनच नाहीत.

धनुबाईने तिला एकच सांगितलं, हे कुणाजवळ बोलू नको. मग फोन ठेवून ती बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. दिवाळीला अमृत आला होता, सगळ्यांना कपडे घेऊन आला होता. सून गायत्री तेव्हा जरा गप्प होती, ते प्रवासाने दमली म्हणून असेल असं धनुबाईला वाटलं होतं. तिला मुलाचा राग आला नाही. एवढं मोठं दुःख तो एकटा घेऊन फिरतोय आणि आपल्यापासून लपवताना त्याला आणखी त्रास होतोय, याचंच तिला वाईट वाटलं.

संक्रांत झाल्यावर तो आला आणि राहिला. सकाळी शेतात जायचा, दुपारी खाटेवर पडून छताकडे बघायचा. त्याचा फोन वाजत नव्हता, तोही कुणाला करत नव्हता. नेमका त्याच आठवड्यात कुंदनचा अंकलेश्वरहून फोन आला. तिकडे औषधांचा नवीन प्लांट सुरू होणार, अनुभवी मोठा माणूस शोधताहेत, पुस्तकातलं कुणी असेल तर बघ माय, असं तो म्हणाला. धनुबाईने फोनवर नुसतं ‘हां, हां’ केलं. अमृत तेव्हा आतल्या खोलीत कुशीवर वळला, खाट करकरली, एवढंच तिला ऐकू आलं. नाव ओठांवर आलं होतं. पण मुलाने स्वतः उघडं न केलेलं त्याच्या पाठीमागे उघडं कसं करायचं?

असे दिवस चालले असताना सुकलाल मास्तर आले. दुपारची वेळ. धनुबाई ओट्यावर वर्षाच्या मिरचीचे देठ खुडत बसली होती, अमृत दारात. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार होती, आणि प्रत्यक्ष मान्यवर गावात सापडल्यामुळे मास्तर फार खुशीत होते. फोटो जुनाच चालेल म्हणाले, रुबाब आहे त्यात. पत्ता तोच ना, तोच. मुलांची नावं घेतली. मग चष्मा नाकावर सरकवून त्यांनी विचारलं, “हुद्दा तोच शे ना भाऊ?”

धनुबाईचे हात थांबले. अमृतने आईकडे पाहिलं नाही.

“तोच ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला.

मास्तरांनी तोच राहू दिला. चहा पिऊन, दोन शब्द कौतुकाचे बोलून ते गेले. गल्लीच्या वळणावर ते दिसेनासे झाले. मग मिरच्यांवरून नजर न उचलता धनुबाईने सांगून टाकलं की तिला दिवाळीपासूनचं सगळं ठाऊक आहे.

अमृतने कोणी सांगितलं ते विचारलं. तिने दीपमालाचं सांगितलं. गावात कुणाला? कुणाला नाही, ती म्हणाली. त्याने मान हलवली आणि तो तसाच दाराला टेकून राहिला. आपलं गुपित आई इतके दिवस सांभाळत होती आणि आपण रोज तिच्या हातची भाकरी खात खोटं बोलत होतो, याची त्याला लाज वाटली असावी. ती त्याच्या कानांवर दिसली. लहानपणीही त्याचे कान असेच लाल व्हायचे.

मग तिने कुंदनचं सांगितलं. अंकलेश्वरचा प्लांट, अनुभवी माणूस पाहिजे, एक फोन लाव. प्रकाशाचा कुंदन अमृतला अंधूक आठवत होता, आणि आपण त्याच्याबद्दल आईला काय म्हणालो होतो तेही.

“माय,” तो म्हणाला, “त्या पुस्तकमा मी फोन लेनारा शे. करनारा नही.”

धनुबाईने हातातली मिरची परातीत टाकली.

“फोन तर मी लेस बेटा. तू कव्हय लिधा?”

फोन तू कधी घेतलास, हे तिने टोमणा म्हणून विचारलं नाही, जसं होतं तसं ती बोलली. म्हणून ते जास्त लागलं. ते लागलेलं तिला दिसलं, आणि तिचा स्वर खाली आला. “करनारा कोनी लहान व्हत नही,” ती म्हणाली. “मी ऐकेल शे ना त्यासले.”

अमृतने आपला फोन काढला. तिने नंबर सांगितला, तो तिला तोंडपाठ होता. त्याने लावला. पूर्ण वाजला, कुणी घेतला नाही. परत लावला. वाजता वाजता कट झाला. अनोळखी नंबर, कामाची वेळ, कोण घेतो? त्याने स्वतः तरी आजवर कुठे घेतले होते. तो फोन खिशात ठेवायला लागला आणि त्याच्या तोंडावर जवळजवळ सुटल्यासारखे भाव आले. धनुबाईने तेवढ्यात आपला फोन त्याच्या पुढे धरला. तिखटाचे हात लागू नयेत म्हणून तिने तो पदरात धरला होता. त्याने नको म्हटलं. ती तशीच हात पुढे करून बसली.

शेवटी त्याने घेतला आणि लावला. पुरती एक रिंगही झाली नाही.

“हां, बोल माय,” तिकडून आवाज आला. मागे यंत्रांची घरघर होती. “बोल ना.”

वीस वर्षं अमृतने मीटिंगमध्ये माणसांना उभं करून बोलायला लावलं होतं.

“माय? आवाज नही ई ऱ्हायना.”

“माय नही. मी अमृत.”

“कोन अमृत?” कुंदनला तो ‘साहेब’ म्हणूनच ठाऊक होता.

त्याने घसा खाकरला. नावापुढे लावायला आजवर काहीतरी असायचं, आता आठवून बघितलं तर एकच होतं.

“धनुबाईना पोर्‍या,” तो म्हणाला.

तिकडे घरघर एकदम कमी झाली. कुंदन बाहेर धावत आला असावा. तो बोलला तेव्हा त्याला धाप लागली होती आणि आवाज पार बदलला होता.

“काय व्हयनं? माय बरी शे ना?”

फोनचा आवाज मोठा होता, ओट्यावर धनुबाईला ते ऐकू गेलं. अमृत दारातून उठला आणि ओट्यावर तिच्या शेजारी येऊन बसला. या माणसाच्या कामासाठी आपण आईला एकदा ‘बघतो’ म्हणालो होतो, आणि तो आज आपल्या आईसाठी काम सोडून उन्हात उभा आहे. आपल्याला तिची अशी धास्ती शेवटची कधी वाटली होती, ते त्याला आठवेना.

“बरी शे,” तो म्हणाला. “मन्हा शेजारले बठेल शे. भाऊ, मन्ही नोकरी गयी. दिवाळीले गयी. तुमनाकडे काम शे म्हनी माय सांगे.”

एवढे महिने जे त्याने आईजवळ, गावात, कुणाजवळ म्हटलं नव्हतं, ते त्याने पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, तेही एका परक्याजवळ. तिकडून सुटकेचा एक मोठा श्वास ऐकू आला. कुंदनने हुद्दा विचारला नाही. आधी तो रागावला, असा फोन करून माणसाला घाबरवता का म्हणून. मग म्हणाला, साहेबांशी गाठ घालून देतो, पुढचं तुमचं तुम्ही बोला, आणि माझ्याकडेच उतरा.

“मंग कव्हय यी ऱ्हायनात?” त्याने विचारलं.

अमृतने आईकडे पाहिलं. धनुबाई पदराने डोळे पुसत होती. विचारलं असतं तर तिने मिरचीचं नाव सांगितलं असतं, पण त्याने विचारलं नाही.

“उद्या,” तो फोनमध्ये म्हणाला. “सकायनी गाडी धरस.”