चिमट्याचे तीन ठोके

खिडकीच्या काचेवरचे धुके अजून ओसरले नव्हते, तोच कंडक्टरबाईंनी तिन्ही बॅगा बांधून दाराशी ओळीने उभ्या केल्या. प्रवासाचा हा अखेरचा दिवस होता. विमान सायंकाळचे, हॉटेलची खोली मात्र न्याहारी होताच सोडायची. मधला सगळा दिवस नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखा कोरा पडला होता, आणि त्या पाटीवर काय उमटावे याविषयी कंडक्टरबाईंच्या मनात तिळमात्र संदेह नव्हता.

कंडक्टरबाई हे त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे, हे सांगायला नको. परंतु उभी हयात त्यांनी बसमध्ये तिकिटे दिली आणि त्यांच्या पतीने तीच बस चालवली, म्हणून सगळे नातेवाईक एकाला ड्रायव्हरसाहेब आणि दुसरीला कंडक्टरबाई म्हणू लागले, ते निवृत्तीनंतरही तसेच राहिले. बरोबर आलेल्या वन्सं, म्हणजे साहेबांची धाकटी बहीण, शिवणकाम करीत. या सबंध प्रवासात त्या भाड्याच्या मोटारीच्या मागच्या आसनावर एकट्याच बसल्या होत्या, आणि या गाडीला प्रवासी एक व कर्मचारी दोन असल्यामुळे तक्रार करायची सोय उरलेली नाही, असे त्या येताजाता ऐकवीत.

कर्मचारी हा शब्द त्यांनी उगाच वापरला नव्हता. बसचा जो धर्म, तोच या उभयतांनी मोटारीतही निष्ठेने पाळला होता. एक ठोका म्हणजे थांबा. दोन ठोके म्हणजे निघा. आणि तीन ठोके म्हणजे गाडी भरली, आता वाटेत कुठल्याही थांब्यावर थांबू नका. निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेला तिकिटांचा चिमटा कंडक्टरबाईंच्या पर्समध्ये सदैव असे. दारे लागली, पट्टे बांधले गेले की त्या चिमट्याने काचेवर दोनदा टकटक करीत. मगच साहेबांचा पाय क्लचवरून उचलला जाई. एकदा एका मोठ्या चौकात बाईंचा डोळा लागला. सिग्नल हिरवा झाला, तांबडा झाला, पुन्हा हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी आकाशपाताळ एक केले. साहेब मात्र ऋषीसारखे निश्चल. अखेर वन्संनी वहिनीच्या दंडाला चिमटा काढला, आणि अर्धवट झोपेत दोन ठोके पडले, तेव्हा कुठे गाडी हलली.

आता मुख्य गोष्ट. निवृत्तीनंतर कंडक्टरबाई मोटार चालवायला शिकल्या होत्या. परवाना मिळवला होता. ही गाडी भाड्याने घेताना कागदांवर दुसरी चालक म्हणून आपले नाव त्यांनी आवर्जून घालून घेतले होते, आणि साहेबांनी तेथेच, चार लोकांदेखत, वचन दिले होते की एक दिवस तुझा. पुढे त्या एका दिवसाला मुहूर्त काही लागेना. कधी घाट होता. कधी ऊन डोळ्यांवर येत होते. कधी मेंढरे आडवी आली. आणि एकदा रस्ता बाणासारखा सरळ, रिकामा आणि सावलीचा निघाला, तेव्हा साहेब म्हणाले होते की असा रस्ता जन्मात पुन्हा मिळायचा नाही, आज मलाच घेऊ दे. घरी मोटार नव्हती. मुले आपापल्या गाड्यांना आईचा पदरसुद्धा लागू देत नसत. तेव्हा चाक हाती यायचे तर ते आज. नाही तर कधीच नाही.

न्याहारीच्या टेबलावर दिवस कसा घालवावा याचा खल झाला. वन्संना बागेत जाऊन बाकावर पाय पसरायचे होते. साहेबांचे मत पडले की तडक विमानतळावर जाऊन बसावे, वेळेआधी पोचण्यात कमीपणा नाही. कंडक्टरबाईंनी पावाच्या तुकड्याला लोणी लावता लावता अगदी शांतपणे सांगितले, "आज माझी पाळी."

साहेबांनी चहावर फुंकर घातली. "बघू."

या घरात 'बघू'चा अर्थ मांजरालाही ठाऊक होता. बॅगा डिकीत गेल्या, दोन ठोके पडले, आणि मोटार विमानतळाच्या दिशेने निघाली.

गाव अजून पुरते जागे व्हायचे होते. दुकानदार फळ्या उघडीत होते, कोणी पायऱ्या धूत होते. एका वळणावर बसचा थांबा लागला. तेथे एक स्थूल, प्रसन्न गृहस्थ उभे होते; त्यांच्या कुशीत कापडी खोळ घातलेले प्रचंड वाद्य होते, बँडमधले सर्वांत मोठे, पितळी आणि रुंद तोंडाचे. मोटारीच्या मागून येणाऱ्या बसला पाहून त्यांनी हात वर केला.

थांबा, थांब्यावर मनुष्य, मनुष्याचा हात वर. साहेबांच्या उजव्या पायाने बुद्धीची अनुज्ञा घेतलीच नाही. मोटार अशी थांबली की मागचे दार नेमके त्या गृहस्थांच्या पावलांशी यावे. मागच्या बसच्या ड्रायव्हरला वाटले, यांना न्यायला घरची गाडी आली. तो वळसा घालून निघून गेला.

वादकाने जाणाऱ्या बसकडे पाहिले, उभ्या मोटारीकडे पाहिले, आणि जगात सज्जनता शिल्लक आहे अशा मुद्रेने दार उघडले. आधी वाद्य आत आले. मग ते स्वतः आले. वन्सं त्या दोहोंच्या पलीकडे कुठेतरी अंतर्धान पावल्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवर, सरावाचे सभागृह होते. सगळा बँड खोळंबला असेल, असे वादकाने नम्रपणे सांगितले.

चूक आपली होती, तेव्हा पोचवणे प्राप्तच होते. साहेबांनी गिअर टाकला आणि दोन ठोक्यांची वाट पाहिली.

ठोके पडले नाहीत.

"दे की," साहेब म्हणाले.

"नाही देत."

"अगं, प्रवासी बसलाय मागे."

"बसू दे. त्यांची बस तुम्ही चुकवलीत, माझा दिवसही तुम्हीच चुकवताय. आधी किल्ली, मग घंटी."

वास्तविक मोटारीला घंटीचे सोयरसुतक नव्हते. पाय उचलला असता तर ती मुकाट चालू लागली असती. साहेबांनी तसा प्रयत्नही करून पाहिला, पण पाय उचलवेना. जो पाय त्या टकटकीविना जन्मभर हलला नव्हता, तो आज हलणार कसा? वादकाने वाद्याआडून विचारले की गाडीत काही बिघाड झाला आहे काय.

"बिघाड नाही," पितळेमागून वन्संचा आवाज आला, "संसार आहे."

नोकरीतल्या सवयीने साहेबांनी पत्नीचा चेहरा आरशात शोधला. परंतु ती मागे नव्हती, शेजारी होती, आणि आरशात नुसती खोळ दिसत होती. तेव्हा त्यांना मान वळवून समोरासमोर पाहावे लागले.

"तुझ्या हाताची भीती नाही गं मला," ते इतक्या हळू बोलले की मागे ऐकू जाऊ नये. "पण चाक सोडून मी करू काय? मला नुसतं बसता येत नाही."

इतके दिवस कंडक्टरबाई घाटाला, उन्हाला आणि मेंढरांना बोल लावीत आल्या होत्या. त्यांनी पर्समधला चिमटा काढला आणि पतीच्या तळहातावर ठेवला.

"नुसतं बसायला सांगतंय कोण? कामाला लागा."

साहेबांनी चिमटा न्याहाळला, तो उघडून मिटून पाहिला, आणि दुसऱ्या हाताने किल्ली पुढे केली.

मग बैठकीची फेररचना झाली. वन्सं सुटकेचा निःश्वास टाकून पुढे आल्या. साहेब मागे, वाद्याच्या गळ्यात हात घालून, अर्ध्या आसनावर टेकले. कंडक्टरबाईंनी आसन पुढे ओढले, आरसा बसवला, आणि त्यात पतीचा चेहरा दिसताच त्यांना एकदम हसू फुटले. नोकरीभर त्यांनी या माणसाची केवळ मान आणि टोपी पाहिली होती.

दोन ठोके पडले. मोटार उडाली आणि बंद पडली.

"वहिनी, मोटार आहे ही," वन्सं म्हणाल्या, "बेडूक नव्हे."

पुन्हा दोन ठोके, पुन्हा उडी. तिसऱ्या खेपेस मात्र चाके फिरू लागली, दुकाने मागे सरकू लागली, आणि कंडक्टरबाई मोठ्याने हसू लागल्या. वन्संना त्या हसण्याची लागण झाली. वादक, कारण ठाऊक नसताना, त्यात सामील झाले. एवढ्यात मागून खणखणीत एक ठोका पडला आणि बाईंनी भर रस्त्यात ब्रेक दाबला.

"का थांबवलीत?"

"वाद्य सरकलं. हात लागला चुकून."

"कंडक्टरचा हात चुकून लागत नसतो," बाईंनी आरशातून सुनावले, आणि साहेबांनी नव्या उमेदवाराप्रमाणे मान खाली घातली.

टेकडीच्या चढावर पुढचा एक ट्रक घसरत उलटा मागे येऊ लागला. बाईंनी हॉर्न वाजवला. भाड्याच्या मोटारीचा हॉर्न तो, चिमणीएवढा. ट्रक येतच राहिला. तेव्हा वादकाने खोळ ओढून काढली, वाद्याचे तोंड कसेबसे खिडकीबाहेर काढले, गाल फुगवले आणि असा एक गंभीर, दीर्घ स्वर सोडला की जणू टेकडीनेच घसा खाकरला. छपरावरची कबुतरे एकसाथ उडाली. पायऱ्या धुणारी बाई बादलीसह सरळ उभी राहिली. ट्रक जागच्या जागी थिजला. त्या थिजलेल्या ट्रकला वळसा घालून मोटार डौलात पुढे गेली, आणि आत हसून हसून कोणाच्याही डोळ्यांतले पाणी खळेना.

सभागृहाच्या पायरीशी एक ठोका पडला, या खेपेस अगदी नेमका. वादकाने उतरून निरोप घेतला आणि जाता जाता सांगितले की त्यांचा झांजवाला खालच्या थांब्यावर ताटकळला असेल.

तेवढे निमित्त पुरे होते. झांजवाला आणला. परतताना कोबीचे गड्डे घेऊन उभी असलेली एक आजी दिसली. तिला घराशी सोडले. ओल्या रंगाची पाटी सांभाळणारा एक रंगारी भेटला, आणि त्या पाटीवरची दोन अक्षरे साहेबांच्या सदऱ्यावर कायमची राहिली. गावातला एकही थांबा सुटला नाही. दुपार होईतो साहेबांचा हात असा काही बसला की चढणाऱ्याचे दुसरे पाऊल आत येते न येते तोच दोन ठोके वाजत. आणि आत बोट शिरायला जागा नसताना ते गंभीरपणे "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत. वन्संना पाय पसरायला बाग मिळाली नाही, परंतु त्यांना तिची आठवणही झाली नाही.

ऊन कलू लागले तशी मोटार रिकामी झाली आणि विमानतळाच्या रस्त्याला लागली. मोटार परत करायचे आवार दुरून दिसले. फाटकाशी उभ्या असलेल्या रखवालदाराने गाडी ओळखून हात वर केला. विमानाला अजून पुष्कळ अवकाश होता. पण दिवस संपला तो संपलाच. कंडक्टरबाईंनी वळण्याचा दिवा लावला, वेग उतरवला आणि थांबण्याच्या ठोक्याची वाट पाहिली.

टक. त्यांचा पाय ब्रेकवर गेला.

टक. टक.

बाईंनी आरशात पाहिले. मागच्या आसनावर साहेब एकटेच बसले होते, दोन अक्षरांच्या सदऱ्यात, चिमटा उंच धरून.

"दादा, भरली कुठे?" वन्सं मागे वळून म्हणाल्या. "चिटपाखरू नाही मागे."

"कंडक्टर मी आहे," साहेब म्हणाले. "गाडी भरलीय. मध्ये कुठे थांबायचं नाही."

कंडक्टरबाईंनी वळण्याचा दिवा मालवला. रखवालदाराचा वर केलेला हात तसाच हवेत राहिला आणि फाटक मागे गेले. पुढे रस्ता बाणासारखा सरळ, रिकामा आणि सावलीचा होता. त्या दिवसात प्रथमच त्यांनी सर्वांत वरचा गिअर टाकला, आणि मोटारीने बेडकासारखी उडी मुळीच मारली नाही.