पाडव्यापर्यंत थांबलेला टायर

मित्रांनो, मी एक म्हातारा टायर आहे, आणि तोही उन्हाळ्याचा. आमच्यात शाळा नसते, साचा असतो. रबर, काजळी, पोलादी तारा एकात एक घातल्या, भट्टीत दाबलं, की झाला शिकून शहाणा. म्हणून माझं बोलणं वेडंवाकडं वाटलं तर सांभाळून घ्या. आम्हांला कोणी विचारत नाही, पण गाडीखाली राहणाऱ्याला सगळं दिसतं, ऐकू येतं. तेच सांगतो.

शहाऐंशी सालचा एप्रिल. न्यू जर्सीत पार्सिपनीला, हमरस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानात मी मांडणीवर बसलो होतो. एका शनिवारी सकाळी तिघं आत आली. पुढे चारुदत्त. नागपूरकडचा इंजिनिअर, अठरा वर्षं अमेरिकेत. त्याच्या मागे त्याची मुलगी सीमा, सतरा वर्षांची, इथेच जन्मलेली. आणि त्यांच्या मागे हात पाठीशी बांधून एकनाथकाका. हे चारुदत्ताहून दहा वर्षांनी मोठे. पार्सिपनीत कुठल्याही मराठी घरात फ्रिज घ्यायचा असो की जावई, एकनाथकाकांना विचारल्याशिवाय घेत नसत.

बाहेर गाडी उभी होती. लाल, दोन दाराची, जमिनीला टेकलेली. सगळे मित्र लांबलचक स्टेशन वॅगन घेत असताना चारुदत्ताने ही सेकंडहँड घेतली, आणि हौस म्हणून झाकून न ठेवता रोज ऑफिसला नेली. बायको सुलभा म्हणायची, "मागे तांदळाची दोन पोती बसत नाहीत, हिला गाडी म्हणायचं?" पण तो वेडा झाला होता. तिचे टायर झिजून गोटे झाले, म्हणून ही वरात.

चारुदत्ताच्या हातात आलेखाचा कागद. महिनाभर मासिकं वाचून त्याने तक्ता केला होता: टिकतो किती, पकड किती, आवाज किती.

एकनाथकाका म्हणाले, "तक्ता कशाला लागतो? सगळ्यात टणक बघ आणि उचल. दहा वर्षं बघायला नको."

"काका, टायर टिकण्यासाठी नसतात," सीमा म्हणाली. "दे आर फॉर होल्डिंग द रोड."

"मग टिकण्यासाठी काय असतं गं? तुझे बूट?"

"माझे बूटसुद्धा तुम्हीच सिलेक्ट केले होते काका. अजून टिकलेत. चावतात, पण टिकलेत."

चारुदत्त हसला. दुकानाचा म्हातारा मालक व्हिनी काउंटरवरून उठून आला आणि त्याने माझ्यावर थाप मारली. "रोज चालवायची, वळणांची मजाही घ्यायची, तर हा घ्या. मऊ रबर. कोरड्यात, पावसात रस्ता सोडणार नाही. झिजेल मात्र लवकर. आणि एक ऐका. हा उन्हाळ्याचा आहे. पारा पंचेचाळीस फॅरनहाइटच्या खाली जायला लागला की काढून ठेवा. थंडीत हाच रबर लाकडासारखा होतो. बर्फ पडायची वाट बघू नका."

"ऑक्टोबरात नक्की येतो," चारुदत्त म्हणाला.

त्याने तक्त्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि कागदाची घडी करून खिशात घातली. या माणसाने जन्मात पहिल्यांदा न टिकणारी वस्तू निवडली. ती मी होतो, मित्रांनो, माझ्या तीन भावांसकट. मी मागचा डावा. छाती फुगली म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. हवा भरल्यामुळे नाही हो.

तो उन्हाळा काय सांगू! चारुदत्त मुद्दाम लांबच्या वळणाच्या रस्त्याने ऑफिसला जायचा. डांबर तापलेलं, मी चिकटलेला, वरून त्याचं शीळ घालणं. घरी आला की हात मागे घेऊन आमच्याभोवती एक फेरी मारायचा. पाहुण्यांना सांगायचा, "व्वा, काय टायर आहेत! रुळावरून गेल्यासारखं."

शनिवारी गाडी सीमाकडे असायची. ती इस्पितळात फुकट काम करायला जायची. कारण तिला व्हर्जिनियाच्या कॉलेजात जायचं होतं, तिथे राहून डॉक्टरकीची तयारी करायची होती. बापाला पोरगी चार राज्यं दूर राहणार हे पटत नव्हतं. शेवटी ड्राइव्हवेत उभं राहून सौदा झाला. तो म्हणाला, "वर्षभर ही गाडी चालव. एक ओरखडा आला नाही तर समजेन की तू स्वतःला सांभाळतेस. मग जा व्हर्जिनियाला."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

त्या दिवसापासून ती पोरगी वळणावर इतकी जपून जायची की मलाच कंटाळा यायचा.

ऑक्टोबर आला. सकाळी माझं अंग आखडायला लागलं. सीमाला ते स्टिअरिंगवर हात ठेवल्याबरोबर कळलं. पहिल्यांदा तिने जेवताना सांगितलं, दुसऱ्यांदा गॅरेजमध्ये. तिसऱ्यांदा तिने स्वतःच व्हिनीला फोन केला आणि शुक्रवारची वेळ घेतली. "बाबा, हिवाळ्याचे टायर, फ्रायडे, चार वाजता. फक्त गाडी घेऊन जा."

गुरुवारी संध्याकाळी एकनाथकाका फराळाचं काहीतरी विचारायला आले होते. ड्राइव्हवेतच बोलणं निघालं.

"चार टायर नवे घेणार? मग पाडव्याला घे की. साडेतीन मुहूर्तांतला दिवस. गाडीची पूजा तेव्हा होणारच, नव्या टायरांसकट होईल."

"सीमाने उद्याची वेळ घेतलीय."

"ती लहान आहे. दहा दिवसांनी काय डोंगर कोसळतो? बर्फ तरी पडलाय का?"

चारुदत्ताने आमच्याकडे बघितलं. वाकून माझ्या खाचांची नक्षी बोटाने चाचपली. "खरंय. अजून भरपूर आहे," म्हणाला. नक्षी भरपूर होती, मित्रांनो, ते खोटं नाही. पण प्रश्न नक्षीचा नव्हताच. आत जाऊन त्याने फोन करून शुक्रवारचं कॅन्सल केलं.

सीमाला शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला कळलं असावं, कारण शनिवारी पहाटे ती गॅरेजमध्ये आली तीच दार आपटत. चारुदत्त मागे आला.

"बाबा, बाहेर तीस डिग्री आहे. पाणी गोठतं एवढ्यात."

"मग हळू चालव. आणि इस्पितळात सांगून ठेवलंयस ना? दिलेला शब्द मोडायचा नाही."

ती हळूच चालवत होती. मी साक्ष देतो, हवी तिथे देतो. तलावाकाठच्या उतारावर झाडांच्या सावलीत दहिवर गोठून पांढरं झालेलं होतं. तिने ब्रेकला नुसता पाय लावला. मी धरायला गेलो आणि माझ्यात धरायला काही उरलंच नव्हतं. लाकडाचं चाक असतं तसा घसरलो. मागची बाजू फिरली, लाल गाडी दगडी कठड्यावर आडवी जाऊन आदळली. सीमाचं उजवं मनगट मोडलं. मला ओरखडाही आला नाही.

त्याच दिवशी टो ट्रकने गाडी घरी आणली. सुलभा रडत रडत म्हणाली, "पोरगी सांगत होती ना तुम्हांला? तीनदा सांगितलं तिने."

"सांगत होती," चारुदत्त म्हणाला. "पण हळू चालवायला काय झालं होतं?"

सीमा तिथेच उभी होती, हात गळ्यात बांधलेला.

पाडव्याला मोडक्या गाडीचीच पूजा झाली. त्यानंतर गाडी दुरुस्त झाली आणि नवे टायर लावायला व्हिनीकडे गेली. व्हिनीने मला काढून हातात धरलं. "या थंडीत कोण चालवत होतं यांच्यावर? मी तर सांगितलं होतं."

चारुदत्त गप्प राहिला असता तरी मी माफ केलं असतं. एकनाथकाका बाजूलाच नव्या टायरांच्या किमती वाचत होते. चारुदत्त म्हणाला, "माझी मुलगी. ऐकत नाही."

इतकी वर्षं झाली, रस्त्यावरचे खिळे विसरलो, हे वाक्य नाही विसरलो.

हिवाळाभर आम्ही त्याच्या गॅरेजच्या कोपऱ्यात होतो, घरातलं सगळं ऐकू यायचं. पुढच्या जेवणावळींत, नाताळच्या सुट्टीत, लोक विचारायचे आणि तो हेच सांगायचा. सांगून सांगून त्याची जीभ अडखळेनाशी झाली. व्हर्जिनियाचं पत्र मार्चमध्ये आलं, सीमाला घेतलं होतं. सौदा सौदाच, तो म्हणाला. ओरखडा आला होता. सीमाने घरापासून वीस मिनिटांवरच्या कॉलेजात नाव घातलं.

एप्रिलात चारुदत्त आम्हांला परत लावायला गॅरेजमध्ये आला. सीमा दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, माझी चूक नव्हती."

त्याने पाना खाली ठेवला. "ठाऊक आहे मला," म्हणाला.

"मग सांगा ना. आईला, काकांना. निदान काकांना तरी."

"आता ते उकरून काय होणार? सगळे विसरलेत."

"मी नाही विसरले," ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर ती त्या गाडीत कधी बसली नाही. आम्हांला मात्र त्याने लावलं, आणि दोन उन्हाळे तो आमच्यावर ऑफिसला गेला. शीळ नाही, फेरी नाही. मग झिजलो, व्हिनीच्या दुकानामागे येऊन पडलो.

मित्रांनो, टायरची निगा राखा, थंडी लागली की वेळेवर बदला, हे तर सांगेनच, ते माझं कामच आहे. माझ्यासारख्याला दोष दिलात तरी चालेल, रबराला अब्रू नसते. पण घरात ज्याने आधी सांगितलं होतं, त्याच्या नावावर आपली चूक लावू नका. लावलीच असेल, तर आज जेवायला सगळे बसलेले असतील तेव्हा, त्यांच्या देखत, ती काढून घ्या.