छिन्नीचा घाव

तेजस्वी पुण्यात लोखंडावर पीएचडी करते, एवढंच मिरकरवाडा बंदराला ठाऊक. पुन्हा पुन्हा ताण बसून धातू कसा दमतो आणि एक दिवस अचानक कसा तुटतो, हा तिचा विषय. "लोखंड दमतं होय? मग आम्ही टोपल्या वाहतो ते काय!" असं म्हणून बंदरावरच्या बायका तिची यथेच्छ टर उडवायच्या. तीही हसायची. या विषयाला सध्या बरे दिवस आहेत. खाऱ्या पाण्यात पोलादाला तडा कधी जाईल, हे संगणकाकडून आधीच वदवून घ्यायची खटपट जगभर चालली आहे, आणि त्याच कामासाठी नॉर्वेतल्या एका प्रयोगशाळेनं तिला बोलावलंही होतं. तेवढ्यात सोहमची बोट गेली आणि घरातलं हसणं संपलं.

सोहम तिचा धाकटा भाऊ. भर समुद्रात बोटीचा पंखा फिरवणारा लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, तुटला, इंजिन नुसतंच घरघरत राहिलं आणि वाऱ्यानं बोट खडकावर नेऊन आपटली. बाकीचे खलाशी वाचले. सोहम वाचला नाही.

तिच्या वडिलांनी, रघूनानांनी, सगळा दोष दिला लेथवाल्या हरिश्चंद्राला. शाफ्ट त्याच्याच दुकानात तयार झाला होता. "वाईट लोखंड घातलान त्यान! माझा पोर खाल्लान!" नाना जेटीवर उभे राहून ओरडले. झालं. नाना जुने तांडेल, जन्मभर बोट हाकलेले; त्यांच्या शब्दाला वाड्यात वजन; हरिश्चंद्राच्या दुकानाकडे कुणी फिरकेना. भर हंगामात त्याचं लेथ बंद पडलं.

फुटकी बोट ओढून आणली तेव्हा शाफ्टचा तुटका तुकडा नानांनी घरी आणून ठेवला होता. तेजस्वी आली तशी त्यांनी तो तिच्यापुढे सरकवला. "एवढी शिकलीस ना? मग दाखव काढून त्याचा गुन्हा."

पडवीत बसून तिनं तुकडा पुसला आणि भिंग लावलं. तुटलेल्या तोंडावर, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा बारीक गोलसर रेघा होत्या. तडा थोडा थोडा पुढे सरकत गेल्याच्या त्या खुणा. त्या उलट्या वाचत गेलं की तड्याची सुरुवात सापडते. लोखंड आतून अगदी निर्दोष होतं. सगळ्या रेघा काठावर कोरलेल्या त्रिशूळापाशी येऊन मिळत होत्या.

त्रिशूळ नानांनी कोरलेला. नवा शाफ्ट बसवण्याआधी त्यावर छिन्नीनं त्रिशूळ कोरायचा, मगच नारळ फोडायचा, ही त्यांच्याकडची रीत. नानांचा हात शुभ, म्हणून निम्मं बंदर त्यांनाच बोलवायचं. फिरत्या लोखंडाला तडा जायला तेवढी खाचही पुरते, हे तिला तोंडपाठ होतं. घरच्या त्रिशूळाकडे मात्र तिनं जन्मात कधी त्या नजरेनं पाहिलं नव्हतं.

गप्प बसावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. आधीच अर्ध्या मेलेल्या माणसाला आणखी किती मारायचं? पण हरिश्चंद्र काही न करता वाळीत पडला होता, आणि तसलेच घाव असलेले शाफ्ट घेऊन आजही बोटी समुद्रात होत्या.

"नाना, लोखंड चांगलं होतं," ती म्हणाली. "हरिश्चंद्रकाकांचा दोष नाय. तडा त्रिशूळातून गेलाय."

"देवाच्या खुणेन माणूस मरतो काय गो?" नाना उसळले.

तिनं भिंग त्यांच्या हातात दिलं आणि बोटानं रेघा दाखवल्या. नाना बराच वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांनी भिंग जमिनीवर ठेवलं.

"घाव खोल बसला म्हणून?"

"हो, नाना."

"बाकी सगळ्यांना मी हलक्या हातानच मारतो," ते म्हणाले. "सोहम पयल्यांदाच तांडेल होऊन बोट न्यायचा होता. तो बोलला, नाना, पुरे झाला. मीच बोललो, थांब, तुझ्यासाठी जरा खोल मारतो."